संपतचा बूस्टर

“साहेब, इथं टीव्ही येत न्हाई म्हणून लिवा आन् मोकळं व्हा,” बापूराव शेडगे तिसऱ्यांदा म्हणाले.

मी त्यांच्या अंगणात गळ्यात मीटर अडकवून उभा होतो. जीपच्या टपावर वीस फुटी खांब, खांबावर अँटेना, आणि तो खांब वाऱ्यात धरून ठेवणारे आमचे ड्रायव्हर मुजावरभाई. श्रावणातली दुपार होती, डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि माझं डोकं तापलं होतं.

“असं कसं लिहू? हा आकडा बघा. टॉवर डोंगरापलीकडे असूनही सिग्नल भरपूर येतोय. तालुक्याच्या गावात नाही एवढा.”

“मशीन चुकत असंल.”

“मशीन परवाच तपासून आणलंय.”

“मग ढगामुळं असंल,” बापूराव म्हणाले आणि आभाळाकडे बघत राहिले.

जिल्ह्याच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्रावर मला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत लोकांनी माझ्यापुढे हात जोडले होते, शिव्या घातल्या होत्या, एका आजोबांनी तर कोंबडा देऊ केला होता. सगळ्यांचं मागणं एकच, आमच्याकडे चित्र दिसू द्या. दिसत नाही असं लिहून द्या म्हणणारा पोलीस पाटील मला पहिल्यांदाच भेटत होता. गावात काहीतरी राजकारण आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सरकारी माणसाला गाव कळलं नाही की तो हेच ठरवतो.

ते साथीचं वर्ष होतं. शाळा बंद होत्या. शहरातली मुलं मोबाइलवर शिकत होती, पण शेडगेवाडीत मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची वर खिंडीत, तीन किलोमीटर चढून गेल्यावर. म्हणून सरकारने टीव्हीवर पाठ सुरू केले, रोज संध्याकाळी पाच वाजता. आमचं प्रक्षेपण वर्षभरापूर्वीच डिजिटल झालं होतं आणि एका योजनेतून वाडीतल्या अडतीस घरांना त्याच्या पेट्या मिळाल्या होत्या. जुन्या टीव्हीत सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतून का होईना माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये असला मधला मार्ग नाही. दिसलं तर लख्ख दिसतं, नाहीतर काळा पडदा. शेडगेवाडीत जूनपासून अडतीस घरांत काळा पडदा होता आणि बावीस मुलांचे पाठ बुडत होते. ते सुरू करून द्यायचे, एवढंच माझं काम.

तक्रार केली होती शाळेच्या भोईटेबाईंनी. त्या तालुक्याच्या गावी राहायच्या आणि आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायच्या. तीन पत्रं पाठवून झाल्यावर त्यांनी आमच्या साहेबांना फोनवर असं काही झापलं की दुसऱ्याच दिवशी माझी जीप निघाली. सकाळी शाळेत त्यांनी मला वही दाखवली. रोजची तारीख आणि पुढे ‘दिसले नाही’. फक्त जुलैत सलग तीन दिवस ‘दिसले’ असं लिहिलेलं.

“या तीन दिवसांत काय झालं होतं?”

“तेच तर कुणी सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “मुलं नाचत आली, बाई दिसलं, बाई दिसलं. चौथ्या दिवशी पुन्हा बंद. मोठ्यांना विचारलं तर म्हणे आठवत नाही. साहेब, कुणाची म्हैस कोणत्या साली व्याली हे या वाडीला पाठ आहे. आणि महिन्यापूर्वीचं आठवत नाही?”

मीटरवर सिग्नलची ताकद उत्तम होती आणि दर्जा शून्य. याचा अर्थ आमच्या धंद्यात सरळ असतो: टॉवर नीट बोलतोय, पण जवळच कुणीतरी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडतंय. मी अँटेना टॉवरकडून वळवून घरांकडे केली. ओरडणं वाढलं. चोर वाडीतच होता.

हातातली छोटी अँटेना घेऊन मी गल्लीतून निघालो. बापूराव मागोमाग.

“साहेब, तिकडं लई चिखुल हाय.”

“असू दे.”

“तिकडं कुत्रं हाय. चावरं हाय.”

कुत्रं नव्हतं. शेवटच्या घराशी मीटरचा आकडा टोकाला गेला. कौलांवर बांबू, बांबूवर अँटेना, आणि तिच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली काड्यापेटीएवढी डबी. बूस्टर. कमी सिग्नल वाढवायला लावतात तो. त्यात पाणी शिरलं की तो बिथरतो आणि स्वतःच लहरी सोडायला लागतो; एका घरचा बूस्टर अख्ख्या वाडीचं चित्र पुसून टाकतो. असे दहा-बारा तरी मी पकडले होते. दोन मिनिटांचं काम, आतल्या भिंतीवरचं बटण बंद करायचं.

मी पायरीवर पाय ठेवला तर बापूरावांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“ह्या घरात नगं, साहेब.”

“का?”

त्यांनी उत्तर द्यायच्या आत दारातून आवाज आला. “कोन हाय? बापूराव, पावण्यास्नी भाईर का हुबं केलंय?”

साठीची बाई होती, काटकुळी, नऊवारीचा पदर खोचलेला. अनसाबाई. बापूरावांच्या थोरल्या भावाची विधवा. तिने मला आत बसवलं, हात धुवायला पाणी दिलं आणि न विचारता चुलीवर कोरा चहा ठेवला. कोपऱ्यात टीव्ही होता. त्याच्या वर, भिंतीवर, बूस्टरच्या बटणाशेजारी बारीक लाल दिवा जळत होता.

“मावशी, हा बूस्टर बिघडलाय. याच्यामुळे वाडीत कुणाचाच टीव्ही लागत नाही. तुमचाही नाही. बंद करू?”

“न्हाई,” ती म्हणाली.

“अहो, त्याचा काही उपयोग नाही आता.”

“माज्या संपतनं लावलाय. शिमग्याला आलता तवा. मुंबैला बाजारात माथाडी हाय त्यो. जाताना म्हनला, आये, ह्ये बटान मी येईस्तवर बंद करू नगंस, एकदा बंद केलं तर तुला परत लावता यायचं न्हाई.” तिने कपात चहा ओतला. “त्येला इचारा. त्यो बंद कर म्हनला तर करते. माजी काय आडकाठी न्हाई.”

“नंबर आहे त्याचा?”

नंबर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. मी तो उतरवून घेतला. बापूराव दारात उभे होते, त्यांच्या मागे त्यांची बायको, तिच्या मागे आणखी चार-पाच माणसं.

“वहिनी, त्येचा फोन बिगाडलाय म्हणून सांगितलंय न्हवं तुला,” बापूराव म्हणाले.

“आता झाला आसंल नीट,” ती शांतपणे म्हणाली. “साहेब लावून बघत्यात तर बघू द्या की.”

मी तीन घोटांत चहा संपवला आणि निघालो. बापूराव जीपसमोर आडवे आले. “साहेब, खिंडीत जाऊ नगा. मी हात जोडतो.” मला संताप आला. बावीस पोरांची शाळा एका बटणावर अडली होती आणि हा माणूस भावकीचा कसला तरी मान धरून बसला होता. मी मुजावरभाईंना गाडी काढायला सांगितली. घड्याळात साडेतीन वाजले होते. पाचच्या आत चित्र दिसलंच पाहिजे, असं मी भोईटेबाईंना सांगून बसलो होतो.

खिंडीत वारा एवढा होता की जीपची काच वर करून मी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका पुरुषाचा दबका आवाज आला.

“आई, बोला.”

“मी आई नाही. संपत शेडगे आहेत का?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, “तुमी कोण?”

मी सांगितलं. टीव्ही, बूस्टर, पाठ, सगळं एका दमात सांगितलं.

“मी त्याच्या खोलीतला हाय,” तो म्हणाला. “संपत गेला, साहेब. वैशाखात. ताप आला आन् पाच दिवसांत गेला. दवाखान्यात आमाला आत बी सोडलं न्हाई, मयत बी बघू दिलं न्हाई, त्यांनीच सगळं उरकलं. बापूकाकांना मी तवाच कळवलंय.”

“मग हा फोन?”

“चालू ठिवलाय. त्याच्या आईचा कवा आला तर कुणीतरी उचलाय पायजे म्हणून.”

मी फोन खिशात ठेवला. मुजावरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाडी वळवून ते इतकी सावकाश हाकत होते की चालत लवकर पोचलो असतो.

अर्ध्या उतारावर बापूराव घोंगडं पांघरून वाट बघत बसले होते. मी उतरलो.

“कळलं?” ते म्हणाले.

“तिला सांगितलं का नाही?”

“बातमी आली तवा ती आजारी हुती. हिकडं रस्ते बंद, मयत आणायचं न्हाई, जायचं न्हाई. म्हटलं जरा उठून बसू दे, मग सांगू. मग म्हटलं बेंदूर झाल्यावर सांगू. मग पंचमी आली. एकुलता एक, साहेब. आता कंच्या तोंडानं सांगायचं?”

“आणि बूस्टरचं तुम्हाला माहीत होतं.”

“समद्या वाडीला म्हाईत हाय. भोईटेबाईंस्नी तेवढं कळू दिलं न्हाई, त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई म्हणून. जुलैत वहिनीला तीन दिस दवाखान्यात ठिवली हुती. माज्या मालकिणीनं तिच्या घरचा मेन स्विच बंद केला, आन् घरोघर टीव्ही लागला. तवाच कळलं. पर बंद कर म्हणायचं कसं? म्हटलं की ती म्हणणार, संपतला इचारा. तुमचं तेच झालं का न्हाई?”

“म्हणून बावीस पोरांचे पाठ बुडू दिलेत?”

“बुडू दिले,” बापूराव म्हणाले. “पोरं फुडल्या सालाला शिकतील.”

आजही सांगतो, मला त्या माणसापुढे लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. त्या वेळी माझ्या डोक्यात पाच वाजत होते आणि मला एक सोपी युक्ती सुचली होती. मी म्हणालो, “मी सांगतो तिला. फोन लागला, संपत हो म्हणाला. ती बटण बंद करील, पोरांचं काम होईल, आणि बाकीचं तुम्ही सांगायचं तेव्हा सांगा.” बापूराव घोंगडं सावरत उठले. खाली मान घालून माझ्या मागे चालायला लागले. एका वाक्यात सगळ्यांचं भलं होतंय आणि कुणाचंच काही बिघडत नाही, असं मला खरोखर वाटत होतं.

अनसाबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी तिच्या जावेने आणून दिलेली भाजी, तशीच झाकलेली.

“लागला फोन?”

“लागला,” मी म्हणालो. “बंद करा म्हणाला. पुढच्या वेळी येईन तेव्हा नवा आणतो म्हणाला.”

नव्या बूस्टरचं मी वाटेतसुद्धा ठरवलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याची जीभ आपोआप पुढे धावते.

“आवाज कसा हुता त्येचा?” तिने विचारलं.

“खणखणीत.”

तिने शेजारची भाजी उचलली. मग उठली, आत गेली आणि बटण खाली केलं. लाल दिवा विझला. तिने पदराच्या टोकाने बटणावरची धूळ पुसली.

पाच वाजून चार मिनिटं झाली होती. आधी पलीकडच्या घरातून, मग समोरून, मग वरच्या आळीतून एका शिक्षिकेचा आवाज यायला लागला. अपूर्णांकांची बेरीज. कुठेतरी एक पोर ओरडलं, “आई, लागला!” आणि बाकीची पोरं त्याच्यात मिसळली. मी एकोणीस वर्षं याच क्षणासाठी खांब घेऊन हिंडलो होतो. मी मात्र तिथेच पाटावर बसलो.

अनसाबाई माझ्यासमोर बसली.

“साहेब, तुमी परकं हायसा म्हणून इचारते. माजी धाकटी जाऊ ईस वर्सं माज्याशी भांडती. पान्यावरनं, शेणीवरनं, कशावरनं बी. वैशाखापास्नं येकदा बी भांडली न्हाई. रोज भाजी आणून देती.”

दारात तीच जाऊ, बापूरावांची बायको, उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

“बापूराव माज्याम्होरं हसत न्हाई. पोरं गलका करत आली तर मानसं त्येंना गप करत्यात. मी काय येडी हाय व्हय? आईला कळत न्हाई व्हय?” तिचा आवाज अजून चढला नव्हता. “पर समदी वाडी मला एवढी जपत हुती. मी रडाय लागले आस्ते तर त्येंचं समदं वाया गेलं आस्तं. आन् बटान बंद केलं आस्तं, तर माज्या हातानं मीच त्येला गेला म्हनल्यावानी झालं आस्तं. म्हणून ठिवलं चालू.”

“मावशी…”

“खणखणीत न्हवता त्येचा आवाज, साहेब. ल्हानपनापास्नं घोगरा. समदी त्येला चिडवायची.”

मी भिंतीवरच्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं.

“आता मला कुनीतरी सांगा,” ती म्हणाली. “सांगितल्याबिगार रडता येत न्हाई. ह्येंच्यानं हुईना. तुमी सांगा.”

मी दाराकडे पाहिलं. बापूराव चौकटीला टेकून उभे होते. बाहेर टीव्हीवरची शिक्षिका छेद समान करायला सांगत होती.

“संपत गेला,” मी म्हणालो. “वैशाखात. ताप आला होता.”

अनसाबाईने हंबरडा फोडला. साडेतीन महिने आत कोंडलेला तो आवाज त्या एवढ्याशा घरात मावेना. जाऊ धावत आली आणि दोघी गळ्यात गळा घालून खाली बसल्या, एकमेकींच्या पाठीवर हात मारत, त्याचं नाव घेत. “माज्या लेकरा, तुज्या तोंडात पानी बी कुनी घातलं न्हाई रं!” मी बाहेर आलो.

गल्लीत पाठाचा आवाज कमी होत होता. पलीकडचा टीव्ही बंद झाला, मग समोरचा, मग वरच्या आळीतले एकेक. माणसं हातातलं काम टाकून येत होती. बायका लांबूनच सूर धरून रडत येत होत्या. मुलांचे हात धरून कुणी कुणी त्यांना मागे ठेवत होतं. दहा मिनिटांत अंगण भरलं आणि वाडीत एकही टीव्ही चालू राहिला नाही. जीपमध्ये मीटर तसाच सुरू होता, ताकद उत्तम, दर्जा उत्तम. मुजावरभाईंनी तो बंद केला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात पुढे धरून डोळे मिटून दुआ मागितली.

निघताना बापूराव जीपपाशी आले. घोंगडं कुठेतरी पडलं होतं, ते भिजत होते.

“साहेब, भोईटेबाईंस्नी सांगा, आता दहा दिस कुणाच्या घरात टीव्ही लागायचा न्हाई. वाडी सगळी एकाच भावकीची. समद्यांस्नी सुतक हाय.”

“उशिरा कळलं तर तीनच दिवस असतं म्हणतात,” मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. बहुधा पाठांसाठी.

“भटजी तीन सांगंल. आमी दहा पाळनार. साडेतीन म्हयने पोराचं सुतक बी धरलं न्हाई आमी. सणवार केले. गोडधोड खाल्लं तिच्याम्होरं बसून.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तुमी दाव्या दिसाला या. वहिनीनं सांगितलंय. ज्येनं सांगितलं त्यो मानूस दाव्याला पायजे म्हनती.”

मी येतो म्हणालो.

केंद्रावर जाऊन अहवाल लिहिला. कारण: नादुरुस्त बूस्टर. उपाय: बूस्टर बंद केला. ग्रहण: उत्तम. साहेबांनी शाबासकी दिली आणि फाइल बंद केली. अकराव्या दिवसापासून मुलं पाठ बघायला लागली, असं भोईटेबाईंनी फोनवर कळवलं. त्या माझे आभार मानत होत्या आणि मी फोन ठेवायची घाई करत होतो.

दहाव्याच्या सकाळी मुजावरभाई जीप धुऊन, नारळ आणि फुलं घेऊन माझ्या दारात उभे राहिले होते. मी गेलो नाही. जिच्या मेलेल्या मुलाचा आवाज मी खणखणीत होता म्हणून सांगितला, तिच्यासमोर मला बसवेना. मुजावरभाईंना म्हणालो, ड्युटी लागलीय. ते एकटेच गेले. जाताना, तिला काय निरोप सांगू एवढंच त्यांनी मला विचारलं, आणि मी तोही दिला नाही.

ड्युटी नव्हती त्या दिवशी.